एन्ट्रीला न पडलेली टाळी

मुकुंदने एन्ट्री घेतली आणि टाळी पडली नाही.

मी डाव्या विंगेत त्याची शाल हातावर घेऊन उभी होते. मुलुंडचा रविवार दुपारचा प्रयोग, खाली-वर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. नाटकात तो दार उघडून येतो, चपला काढतो, छत्री खुंटीला अडकवतो आणि समोर बघतो. तिथे टाळी ठरलेली असायची. दिग्दर्शकाने तिच्यासाठी जागाच सोडली होती. प्रकाशवाला टाळी ओसरेपर्यंत दिवा त्याच्या तोंडावर धरायचा, संगीतवाला टाळी ओसरली की सूर खाली आणायचा, मग मुकुंद पहिलं वाक्य बोलायचा. त्या दिवशी तिघेही सवयीने थांबून राहिले. तोंडावर दिवा, संगीत चालू, आणि मुकुंद खुंटीपाशी उभा. खाली कुणीतरी खोकलं. एका बाईने पिशवीची चेन लावली, तीही मला ऐकू आली.

मी विंगेतून म्हणाले, "बोल."

त्याला ऐकू गेलं नाही.

"मुकुंद, बोल."

पहिल्या रांगेतली बाई मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मग तो बोलला. वाक्य अगदी साधं होतं, "अगं, आलो मी." आवाज कापरा झाला नव्हता. माझ्या हातातली शाल मात्र चुरगळली होती आणि पुढच्या प्रवेशाला ती तशीच द्यावी लागली.

मी नाटकांचा कपडेपट सांभाळायचे. मुकुंद हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव तुम्हाला माहीत असेल, नसेल तर शेजारी विचारा, मी लिहिणार नाही. तुमच्या दिवाळी अंकाच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, आजी, नटांच्या गमती लिहा, लोकांना आवडतात. मी चौथी शिकलेली. सरळ लिहिता येतं, तेवढं लिहिते. गमती आहेत, पण डोक्यात पहिली आठवते ती ही न पडलेली टाळी.

कपडेपट म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसती इस्त्री करतो. इस्त्री करतोच. पण नाटकात नटाला अंधारात कपडे बदलायचे असतात. बाहेर प्रेक्षक बसलेले, आणि आत एवढ्याशा जागेत एक माणूस शर्ट काढतोय, दुसरा घालतोय. तेवढ्यात बटणं लागत नाहीत. म्हणून शर्टावर दिसतात ती बटणं नुसती शिवलेली असतात, खाली टिचबटणं असतात. ओढलं की निघतं, दाबलं की बसतं. साडी आधीच निऱ्या शिवून तयार ठेवायची. घामाचा शर्ट दोन प्रयोगांच्या मध्ये धुऊन पंख्याखाली वाळवायचा. माझा नवरा हे काम करायचा. तो गेल्यावर त्याची पेटी आणि इस्त्री मी घेतली. बायका तेव्हा या कामात फारशा नव्हत्या. व्यवस्थापक म्हणाला, "बाई, नटांसमोर लाज नाही ना वाटणार?" मी म्हटलं, "कपडे त्यांना काढायचेत, लाज मला कशाला?"

आम्हाला नटाचं सगळं कळतं असंही लोकांना वाटतं. माझ्या अंधेरीच्या बिल्डिंगमधल्या बायका अजून विचारतात, अमका खरंच कसा आहे हो? मला त्याच्या कंबरेचं माप माहीत असतं. पोट सुटलं की आधी मला कळतं. तो दुपारी काय जेवला तेही कळतं, कारण ते शर्टावर असतं. घरी गेल्यावर तो काय करतो ते शर्टावर नसतं.

एक नट होता, कायम खलनायक करायचा. बायकोला छळणारा, भावाला लुबाडणारा. मुलुंडच्या बाजारात एका भाजीवालीने त्याला कोथिंबीर द्यायला नकार दिला. "तुला नाही देणार जा. त्या गरीब पोरीला घराबाहेर काढलंस." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मावशी, ते नाटकात." ती म्हणाली, "नाटकात असलं म्हणून काय झालं, तोंड तर हेच ना." आपला कपडा स्वतः घडी करून माझ्या पेटीत ठेवणारा तो एकटा नट मी बघितला. त्याच्या पाया पडायला कुणी रंगपटात आलं नाही.

मुकुंदकडे रांग लागायची. प्रयोग संपला की लोक रंगपटात येतात, ही आपल्याकडची जुनी रीत. पडदा पडतो, नट तोंडाचा रंग पुसतोय, आणि दारात माणसं उभी. बोरिवलीच्या एका आजींनी त्याला हाताने विणलेला स्वेटर आणला होता, ऐन मे महिन्यात. तो त्याने तिथल्या तिथे घातला आणि घामाने भिजेपर्यंत काढला नाही. त्या आजी रडल्या. मी मनात म्हटलं, शहाणा आहे. आता वाटतं, चांगलाही असेल. शहाणपण आणि चांगुलपणा बाहेरून सारखेच दिसतात.

तर ते नाटक. त्यात नवरा सगळा जन्म ऑफिसात घालवतो, बायकोकडे बघत नाही. मग ती आजारी पडते, तिचे हात चालेनासे होतात. दुसऱ्या अंकात तो तिच्या मागे बसतो, तिचे केस विंचरतो आणि वेणी घालतो. बोलत बोलत पूर्ण वेणी. प्रेक्षकांत नाकं ओढल्याचे आवाज यायचे. वेणी घालायला त्याला मी शिकवलं. तालमीत त्याने दोरीसारखा पीळ घातला होता. मी म्हटलं, "अरे, बैलाचा कासरा वळतोयस का? तीन पेड कर, हलक्या हाताने. बाईला ओढ लागली की तिचं तोंड वाकडं होतं, मग ती वाक्य कसं बोलेल?" माझ्या पिकल्या केसांवर तो शिकला. दोन दिवसांत चांगली वेणी घालायला लागला. हात हलका होता त्याचा, हे मी माझ्या डोक्यावरून सांगते.

त्याची बायको स्मिता सुरुवातीच्या प्रयोगांना यायची. मागे कोपऱ्यात बसायची आणि मध्यंतरात निघून जायची. वेणीच्या प्रसंगाला मी तिला एकदाही बसलेलं पाहिलं नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, "पुढचा अंक बघ की, लोक त्यासाठीच येतात." ती म्हणाली, "घरी काम आहे हो मावशी." मला वाटलं, पाहून पाहून कंटाळली असेल.

नंदा आम्हाला भेटली बोरिवलीच्या प्रयोगाला. तिशीची असेल. रक्त-लघवी तपासतात त्या लॅबमध्ये काम करायची. रांगेत सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. पुढे आली तेव्हा मुकुंद म्हणाला, "हाताला काय झालं?"

ती म्हणाली, "पडले."

ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "पडले नाही. नवऱ्याने जिन्यावरून ढकललं. हात वर जात नाही, केस बांधता येत नाहीत. तीन आठवडे केस तसेच घेऊन कामाला जाते. आज तुम्ही वेणी घातलीत ते बघितलं."

मुकुंद खुर्चीवरून उठला आणि तिला बसवलं. म्हणाला, "तुला माहेर आहे?"

"घाटकोपरला आई आहे."

"मग तू इथे काय करतेस?"

त्या आठवड्यात ती नवऱ्याचं घर सोडून आईकडे गेली. पुढे आमचा उपनगरात कुठेही प्रयोग असला की ती यायची. तिकीट काढून, मागच्या रांगेत. प्रयोगाआधी माझ्याजवळ येऊन बसायची, मला दोरा ओवून द्यायची, कारण मला आता सुई दिसत नाही. म्हणायची, "मावशी, आई रोज म्हणते परत जा, लोक काय म्हणतील. मी म्हणते, माणूस असापण असतो, मी बघितलाय. मग मी तसल्याकडे कशाला जाऊ?"

त्यानंतर तो व्हिडिओ आला. तो मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईने दाखवला. मुकुंदच्या बिल्डिंगची गाड्या लावायची जागा. कॅमेरा उंचावर, म्हणून माणसं छोटी दिसतात. स्मिता गाडीचं दार उघडते, तो ते लावतो, ती परत उघडते, आणि तो तिला मारतो. एकदा, मग परत. आवाज नाही. तोंड नीट दिसत नाही. पण अंगातला शर्ट मी ओळखला, तो मीच त्याला अल्टर करून दिला होता. म्हणजे तो नव्हेच असं म्हणायची मला सोय राहिली नाही.

दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने तो बघितला. लोकांचं काय झालं ते मी आमच्या बिल्डिंगमध्येच बघितलं. खालचे जोशीकाका म्हणाले, "घरातलं घरात. आपल्याला त्याच्या नाटकाशी मतलब." त्यांची बायको कणीक मळत आतून म्हणाली, "तुम्हाला असेल." वरच्या बाईच्या फ्रीजवर त्याचा फोटो होता, तिच्या मुलीबरोबरचा. तिने तो काढला, मुलगी तेवढी कापून परत लावली. रागापेक्षा जास्त आमच्या बायकांना लाज वाटत होती, आपण याच्यासाठी रडलो याची. मला ते फार वाईट वाटलं. त्या रडल्या यात त्यांचं काय चुकलं?

मुलुंडचा प्रयोग एका महिला मंडळाने आधीच घेतलेला होता. व्यवस्थापक म्हणाला, "मावशी, रद्द केलं तर बोभाटा, प्रयोग केला तरी बोभाटा. करूनच टाकू." म्हणून तो प्रयोग झाला आणि ती टाळी पडली नाही. त्या मंडळाच्या अध्यक्षीण बाई मला पुढे भेटल्या तेव्हा मी विचारलं, तुम्ही ठरवून आला होतात का? त्या म्हणाल्या, "नाही हो. हातच वर आले नाहीत."

पहिला अंक कसातरी संपला. मध्यंतरात बाहेर वड्यांचा वास सुटलेला, आणि आत अनघा पेटीवर बसलेली. अनघा म्हणजे नाटकात त्याची बायको करायची ती नटी. मी तिची आजारपणाची साडी घेऊन गेले तर ती म्हणाली, "मावशी, त्याला सांग, माझ्या केसांना हात लावायचा नाही."

"अगं, मग प्रसंगच उरत नाही."

"नाही उरला तर नाही. तो मागे बसला ना, तर माझी मान आपोआप आत जाईल. मला नाही जमणार. तू जमव काहीतरी."

"मी काय जमवू? मी कपडेवाली."

"तूच शिकवलंस ना त्याला."

ते खरं होतं. मी मुकुंदच्या खोलीत गेले. तो आरशासमोर बसला होता, पण आरशात बघत नव्हता. त्याने मला विचारलं, "किती वाईट चाललंय?"

मी म्हटलं, "चाललंय तेवढं चाललंय. अनघा म्हणते, केसांना हात लावायचा नाही. ती तुझ्या हातातला कंगवा घेईल आणि आपली आपण विंचरेल. तू तुझी वाक्यं उभ्याने म्हण."

"तिचे हात चालत नाहीत, मावशी. नाटकात."

"आज चालतील."

तो म्हणाला, "बरं." मला वाटलं होतं भांडेल. भांडला नाही.

प्रसंग आला. तो कंगवा घेऊन तिच्या मागे गेला, आणि अनघाने मागे न बघता हात वर केला. त्याने कंगवा दिला. ती स्वतः विंचरायला लागली. ज्या बाईचे हात सगळा अंक मांडीवर पडून होते, ती वेणी घालतेय. नाटकाच्या हिशेबाने ते चूकच होतं. बाल्कनीतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "बरं केलंस." सगळं नाट्यगृह हसलं. आणि त्या हशानंतर मुकुंदला त्याचं सगळ्यात हळवं वाक्य म्हणायचं होतं, मला माफ कर असं. तो हसू थांबेपर्यंत उभा राहिला आणि ते वाक्य त्याने म्हटलं. रोज म्हणायचा त्यापेक्षा हळू, सजवल्याशिवाय. नट म्हणून तो त्या दिवशी पळाला नाही, हे मी सांगणार. पण कुणी रडलं नाही, आणि रडू नये असंच मलाही वाटत होतं.

पडदा पडला. रंगपटाच्या बाहेर रांग नव्हती. नंदा एकटी उभी होती. ती येणार हे मला वाटलं नव्हतं.

तिने मला विचारलंही नाही, सरळ आत गेली. मुकुंद तोंडाला तेल लावून रंग पुसत होता. मी त्याचा घरचा शर्ट हातात धरून तिथेच थांबले. कुणी जा म्हटलं असतं तरी मी गेले नसते.

नंदाने फोन काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "हा व्हिडिओ मला माझ्या नवऱ्याने पाठवलाय," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, हा बघ तुझा देव. तोपण मारतो. सगळेच मारतात, फक्त तुला जास्त झालंय. मुकाट्याने ये, असं. उद्या तो मला न्यायला येतोय. आईने त्याला हो म्हटलंय, माझी बॅगपण भरलीय. मला त्याला उत्तर द्यायचंय आणि मला उत्तर सुचत नाही. तुम्ही सांगा, काय देऊ?"

मुकुंद म्हणाला, "हे बघ, तो व्हिडिओ अर्धा आहे. त्याआधी काय झालं ते त्यात—"

"माझा नवरापण हेच म्हणतो," नंदा म्हणाली. "आधी काय झालं ते बघ."

त्याने कापूस खाली ठेवला. अर्ध्या तोंडावर रंग होता, अर्ध्यावर नव्हता. "मला त्या दिवशी खूप टेन्शन होतं."

"त्यालापण असतं."

"मी स्मिताची माफी मागितलीय."

"तोपण मागतो. पाया पडतो."

तिचा आवाज चढलेला नव्हता. लॅबमध्ये समोरच्याला रिपोर्ट वाचून दाखवावा तशी बोलत होती. मुकुंद माझ्याकडे बघायला लागला. नाटकात वाक्य विसरला की तो विंगेकडे असंच बघायचा आणि मी सांगायचे. त्या दिवशी माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मी फक्त म्हटलं, "ती तुला विचारतेय."

त्याने हाताला लागलेलं तेल पुसलं. मग तो म्हणाला, "जाऊ नकोस."

"का?"

"तो परत मारेल."

"तो म्हणतो, नाही मारणार. आईपुढे शपथ घेतलीय त्याने."

"परत मारेल."

"तुम्हाला काय माहीत?"

मुकुंद म्हणाला, "मला माहीत आहे."

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. त्याचा अर्थ तिघांनाही कळला. त्या एका व्हिडिओपलीकडे किती दुपारी, किती संध्याकाळी असतील ते मला त्या तीन शब्दांत कळलं. स्मिता मध्यंतरात का उठून जायची तेही कळलं. माझ्या डोक्यावरून फिरलेला तो हलका हात मला आठवला आणि मला किळस आली. आणि तरीही, लिहायचं तर खरं लिहिते, समोर बसलेल्या त्या अर्ध्या रंगातल्या माणसाची मला दया आली. त्याने तेव्हा खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते तो आमच्या कुणाहूनही चांगलं बोलला असता.

नंदाने फोन उचलला. "हे मी त्याला सांगू? तुमचं नाव घेऊन?"

"सांग," मुकुंद म्हणाला.

"आईलापण सांगते."

"सांग."

ती दारापर्यंत गेली. तिथून म्हणाली, "मी तुमच्यामुळे निघाले होते."

मी म्हटलं, "बाई, पाय तुझेच होते. चल, रिक्षा बघून देते." आणि त्याचा शर्ट खुर्चीवर टाकून मी तिच्याबरोबर खाली गेले. त्याला शर्ट हातात न देता मी रंगपटाबाहेर पडले, असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा घाटकोपरला आला. नंदाने दार उघडलं नाही. मुकुंद जे म्हणाला ते तिने बंद दाराआडून जसंच्या तसं सांगितलं. तो हसला म्हणे, मग दारावर लाथा घालायला लागला. लाथा चालू असताना तिची आई, जी बॅग भरून बसली होती, उठली आणि आतली दुसरी कडी लावली. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. हे मला नंदानेच फोनवर सांगितलं. "आईने कडी लावली, मावशी," असं तिने दोनदा सांगितलं.

ते नाटक मुलुंडनंतर झालं नाही. अनघा दुसऱ्या नाटकात काम करते. मुकुंद वर्षभर घरी बसला. आता एका मालिकेत आजोबा करतो, लोकांनी परत बघायला सुरुवात केली आहे. वरच्या बाई बघतात, जोशीकाकू बघत नाहीत. मी बघते. काम चांगलं करतो, आणि तो नातवंडांच्या तोंडावर हात फिरवतो तेव्हा मी दुसरीकडे बघते. लोक मला विचारतात, नट चांगला आणि माणूस असा, मग आपण काय समजायचं? मला याचं उत्तर येत नाही. ज्यांना येतं ते फार लवकर बोलतात असं माझं मत आहे.

स्मिता बोरिवलीला बहिणीजवळ राहते. त्यांचं कोर्टात चालू आहे, त्याबद्दल लिहू नका असं मला सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. मी गुडघ्यांमुळे काम सोडलं.

नंदा घाटकोपरला आईकडे राहते, सकाळी लॅबमध्ये जाते. नवऱ्याकडे परत गेली नाही. जिवंत आहे.